पुढच्या काचेचा टवका पावसाआधी भरून घ्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या पानावर एका वाचकांनी लिहिलेलं, की हायवेला शिरोलीजवळ पुढच्या डंपरची खडी उडाली, गाडीच्या काचेला टवका गेला, बारकाच आहे म्हणून त्यांनी सोडून दिला आणि थोड्याच दिवसांत तडा या टोकापासनं त्या टोकापर्यंत पळाला. डंपरवाल्यांना त्यांनी जे सुनावलंय ते सगळं मान्य, मी तर म्हणतो अजून चार शब्द जास्त पाहिजे होते. पण शेवटी "हल्लीच्या काचाच हलक्या येतात" असं लिहिलंय ते काय पटलं नाही बघा, म्हणून हे पत्र. काच हलकी नव्हती. टवका भरायचा राहिला आणि मधे वळवाचे दोन-चार दणके होऊन गेले, माझ्या मते खरं कारण तेवढंच.

मी उद्यमनगरात गाड्यांच्या काचांचं काम करतो. शिवाजी विद्यापीठाची बीएस्सी फिजिक्स केली आणि मग घरच्या धंद्यात आलो, त्यामुळं दुकानात गिऱ्हाईक बसलं की मी त्याला काचेचं शास्त्र सांगत बसतो आणि मागनं दादा ओरडतो की आधी हातातलं काम कर. आधीच सांगून टाकतो, नवीन काच बसवण्यात आम्हाला पैसे जास्त सुटतात आणि टवका भरण्यात कमी, तेव्हा मी काय धंदा वाढवायला लिहीत नाहीये.

पुढची काच एक नसते, दोन असतात. साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि मधे पीव्हीबी म्हणून एक प्लास्टिक असतं त्याचा पाऊण मिलिमीटरचा पारदर्शक थर, हे सगळं उष्णता आणि दाब देऊन एकजीव करतात, त्याला लॅमिनेटेड काच म्हणायचं. फुटली तरी तुकडे मधल्या थराला धरून राहतात, तोंडावर येत नाहीत आणि डोकं आरपार जात नाही. एदुआर बेनेदिक्तूस नावाच्या फ्रेंच माणसाला हे सुचलं, १९०३ साली त्याच्या प्रयोगशाळेत काचेचा फ्लास्क खाली पडला, तडकला पण तुकडे काय सुटले नाहीत, बघतो तर आतल्या बाजूला सेल्युलोज नायट्रेट वाळून पातळ थर बसलेला. १९०९ ला त्यानं पेटंट घेतलं. सुरवातीचे ते थर उन्हानं पिवळे पडायचे, पुढं १९३० च्या दशकात पीव्हीबी आलं आणि तो त्रास संपला. बाजूच्या आणि बहुतेक गाड्यांच्या मागच्या काचेचा प्रकार वेगळा, ती टफन. ६०० अंशाच्या वर तापवून गार हवेचे झोत मारतात, त्यामुळं वरचा पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि पोटात ताण असतो, म्हणून लवकर फुटत नाही पण फुटली की सगळीच्या सगळी बोथट दाणे होऊन खाली येते. तिथं भरायला काय शिल्लकच राहत नाही. जुन्या ट्रकना आणि जीपना पुढं पण टफन असायची, दगड लागला की डोळ्यासमोर सगळी काच पांढरी, जुने ड्रायव्हर सांगतात की मूठ मारून भोक पाडायचं आणि त्यातनं बघत गाडी कडेला घ्यायची. आता पुढं लॅमिनेटेडच लागते, कायद्यानंच.

आता खडा. आपल्याकडची खडी म्हणजे काळा पाषाण, बेसाल्ट, टोप गावच्या खाणीत जाऊन बघा, क्रशरमधनं निघालेल्या दगडाच्या कडा कशा असतात. काचेला तो पुरून उरतो. आणि लोकांना वाटतं खडी डंपरच्या हौद्यातनंच येते, पण बऱ्याचदा ती आधीच रस्त्यावर सांडलेली असते आणि पुढच्या गाडीच्या टायरनं उसळते, ती तुमच्याकडं येतीय त्यापेक्षा तुम्हीच तिच्यावर जाऊन आदळताय असं म्हटलं तर बरोबर होईल. मार किती बसणार ते स्पीडच्या वर्गावर, म्हणजे ५० ला जेवढा मार त्याच्या चौपट १०० ला, दुप्पट नाही. त्यामुळं कागलकडं जाताना खडीच्या डंपरच्या बुडाला चिकटून चालवणारे लोक बघितले की मला त्यांच्या काचेचंच टेन्शन येतं. अंतर ठेवा की ओ. उभ्या काचेच्या गाड्या, बोलेरो वगैरे, त्यांना खडा सरळ लागतो, तिरक्या काचेवरनं निसटून जायचा चान्स तरी असतो.

खडा लागला की काय होतं हे बघण्यासारखं आहे. बोथट गोल दगड लागला तर काचेत आत शंकूच्या आकाराची भेग जाते, वरनं बारीक आणि आत रुंद, समोरनं बघितलं की गोल चकती दिसते, तिला आम्ही बुल्सआय म्हणतो. ही शंकूची भेग हाइनरिख हर्ट्झनं १८८० च्या दशकातच सांगून ठेवलीय, तोच हर्ट्झ ज्याच्या नावानं रेडिओची फ्रिक्वेन्सी मोजतात. धारदार खडा असला तर भेगा बाहेरच्या बाजूला फाकतात, तो स्टार. आपल्या खडीनं स्टारच जास्त होतात किंवा दोन्हीची खिचडी. आणि हे सगळं बहुतेक वेळा फक्त बाहेरच्या काचेत असतं, मधला थर आणि आतली काच शाबूत. आतनं बोट फिरवून बघा, काय लागत नाही. टवका भरता येतो तो याच्यामुळंच.

मग एवढ्याशा टवक्यानं पाच फूट तडा का जातो? याचं उत्तर १९२१ साली ए. ए. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं दिलं. काचेतल्या अणूंच्या बंधांचा हिशोब मांडला तर काच लोखंडाला लाजवेल इतकी मजबूत निघायला पाहिजे, पण प्रत्यक्षात निघत नाही. त्यानं सांगितलं की काचेवर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात आणि सगळा ताण त्या चिरेच्या टोकावर गोळा होतो. त्यानं काचेचे बारीक बारीक तंतू ओढून बघितले, जितका तंतू बारीक तितकी ताकद वाढत गेली, कारण चिरेला जागाच कमी. आणि चीर जेवढी लांब तेवढा ती पुढं न्यायला ताण कमी लागतो. नवीन कापड नुसत्या हातानं फाटत नाही पण दुकानदार कडेला कात्रीची एक चीर देतो आणि मग टर्रकन फाडतो, तसंच. तुमच्या काचेवरचा टवका ही ती कात्रीची चीर. आता फाडणारा हात कोणाचा ते बघायचं.

पहिला हात उन्हाचा. साधी काच एका अंशाला दहा लाखात नऊ भाग वाढते, म्हणजे दीड मीटर रुंद काच ४० अंशांनी तापली तर साधारण अर्धा मिलिमीटर. ऐकायला काय नाही, पण सगळी काच एकसारखी तापत नाही, कडा फ्रेमला चिकटवलेल्या, मधला भाग उघडा, बाहेरनं ऊन आणि आतनं एसी. मे महिन्यात रंकाळ्यावर गाडी दुपारभर उन्हात लावायची आणि आल्या आल्या एसी फुल करून झोत काचेवर सोडायचा, किंवा त्याहून भारी म्हणजे तापलेल्या काचेवर बाटलीतलं गार पाणी मारायचं. टवका असलेली काच असल्या वेळी "टक्क" आवाज करून तडकते, लोकांना वाटतं आपोआप फुटली. दुसरा हात रस्त्याचा. आजकालच्या गाड्यांत काच बॉडीला चिकटवलेली असते, खड्ड्यात एक चाक गेलं की बॉडी पिळते आणि काचेला पण तो पीळ बसतो. आपल्या शहरातल्या खड्ड्यांबद्दल मी काय नवीन सांगणार, तुमचा पेपर रोज छापतोच.

तिसरा हात पाण्याचा आणि हा कोणाला माहीतच नसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पाणी काचेला काय करणार असं वाटतं ना, आपण काचेच्याच ग्लासातनं पाणी पितो. पण भेगेच्या अगदी टोकाला, जिथं सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे बंध आधीच ताणलेले असतात, तिथं पाण्याचा रेणू शिरला की तो त्या बंधाशी रिॲक्शन करून त्याला तोडतो. एक बंध तुटला की ताण पुढच्यावर, तिथं पुढचा पाण्याचा रेणू. म्हणजे कोरड्या हवेत जी भेग होती तिथंच गप्प बसली असती तीच भेग ओलाव्यात, तेवढ्याच ताणावर, हळूहळू सरकत राहते. अमेरिकेत विडरहॉर्न नावाच्या शास्त्रज्ञानं १९६७ मधे हे मोजून दाखवलंय, हवेतला दमटपणा वाढवला की भेगेचा वेग वाढतो. धक्का नाही, आवाज नाही, गाडी दारात उभी आहे आणि भेग आपली चालूच. आता तुम्ही हिशोब करा, आपल्याकडं जून ते सप्टेंबर काय हवा असते, गगनबावडा आणि राधानगरीकडं तर कपडे वाळत नाहीत. पावसाळ्याच्या आधी टवका घेऊन येणारं गिऱ्हाईक कमी आणि पावसाळा सुरू झाल्यावर लांब तडा घेऊन येणारं जास्त, हे आम्ही दरवर्षी बघतो आणि त्याच्यामागं हे कारण आहे.

पाण्याबरोबर माती जाते, वॉशिंगला गेली की शॅम्पू आणि वॅक्स जातं, हे भेगेत बसलं की मग भरताना रेझिन, म्हणजे आत सोडून घट्ट करायचं ते पातळ द्रव्य, काचेला नीट धरत नाही. म्हणून खडा लागल्या लागल्या करायचं काम एवढंच, काच कोरडी असेल तर टवक्यावर साधी पारदर्शक चिकटपट्टी लावायची, नजरेसमोर येत नसेल अशा बेतानं, आणि भरून घेईपर्यंत प्रेशरचं वॉशिंग करायचं नाही. आणि कृपा करून फेविक्विक घालू नका. आख्ख्या कोल्हापूरला ही सवय आहे. फेविक्विक ओलाव्यानं लगेच सेट होतं, त्यामुळं ते भेगेच्या टोकापर्यंत पोचायच्या आतच तोंडाशी घट्ट होऊन बसतं, टोक तसंच उघडं आणि वर बूच, म्हणजे आता खरं रेझिन घालायचं तरी वाट बंद. नेलपॉलिश आणि टूथपेस्टवाले पण येतात, त्यांचं काय बोलायचं.

बरोबर भरायचं कसं ते सांगतो म्हणजे तुम्हाला दुकानात उभं राहून बघता येईल. आधी टवक्यातला सुटा काचेचा भुगा टोकदार सुईनं काढायचा. ओल असली तर हलक्या हातानं ऊब देऊन वाळवायची. मग सक्शन कपवर उभा राहणारा एक स्टँड असतो, ब्रिज म्हणतात, तो बसवायचा आणि त्यातला इंजेक्टर बरोबर टवक्याच्या तोंडावर आणायचा. आधी हवा ओढून घ्यायची, कारण भेगेत हवा असताना रेझिन आत जाणारच नाही, मग दाब देऊन पातळ ॲक्रिलिक रेझिन आत सोडायचं, परत हवा ओढायची, परत दाब, असं स्टारचे सगळे पाय भरेपर्यंत. इथं घाई केली की संपलं. मग यूव्ही लाईट लावायचा, काही मिनिटांत ते रेझिन घट्ट होतं, वरच्या खड्ड्यात जरा जाड रेझिन घालून वर फिल्म लावून परत लाईट, मग ब्लेडनं सपाट करून पॉलिश. उन्हात यूव्ही असतंच, म्हणून हे काम सावलीत करायचं, नाहीतर रेझिन अर्ध्या वाटेतच घट्ट होतं. रस्त्याच्या कडेला भर उन्हात करून देतो म्हणणारा दिसला तर पुढं निघा. ऑनलाईन किट मिळतात, साध्या बारक्या बुल्सआयला हात स्थिर असला तर जमून जातं, स्टारला नको, कारण एकदा अर्धवट भरून घट्ट झालं की ते उकरून परत भरता येत नाही.

भरल्यावर डाग दिसेनासा का होतो त्याची गंमत आहे. भेग दिसते ती काचेमुळं नाही, आतल्या हवेमुळं. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना उजेड किती वाकतो त्याचं माप, १.५२ च्या आसपास आणि हवेचा १, म्हणून त्या फटीवरनं उजेड परततो आणि रेघ चंदेरी चमकते. रेझिनचा अपवर्तनांक मुद्दाम काचेच्या जवळ ठेवलेला असतो, हवा गेली आणि रेझिन आलं की उजेडाला मधे काय आहे ते कळतच नाही, तो सरळ निघून जातो. म्हणून यूव्ही लाईट मारायच्या आधीच टॉर्च तिरका धरून बघायचं, एखादा पाय अजून चमकत असेल तर तिथं हवा राहिलीय, तेवढं परत करायला सांगायचं. मधे खडा लागला तिथं बारीक ठिपका मात्र राहणार. "काय सुद्धा दिसणार नाही" अशी गॅरंटी देणारा थापा मारतोय. पण दिसणं ही खरी गोष्टच नव्हे, भेगेचे दोन्ही काठ रेझिननं धरले, टोकावरचा ताण वाटला गेला आणि पाण्याची वाट बंद झाली, काम हे आहे.

सगळं भरता येतं असं पण नाही. दहाच्या नाण्याखाली झाकला जातो इतका टवका असेल तर शक्यतो जमतं. काचेच्या अगदी कडेला असेल तर मी भरत नाही, कडेला ताण जास्त असतो आणि तिथनं तडा कधीही पळतो. आतली काच फुटली असेल किंवा मधल्या थरात पाणी जाऊन तो पांढरा पडला असेल तरी नवीनच घालायची. आणि ड्रायव्हरच्या बरोबर नजरेसमोर असेल तर विचार करायचा, कारण राहिलेला ठिपका रात्री समोरच्या गाडीच्या लाईटनं चमकतो. ब्रिटनमधे गाड्यांच्या वार्षिक तपासणीत स्टिअरिंगच्या समोरचा २९० मिलिमीटरचा पट्टा धरतात, त्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठा डाग असला की गाडी नापास, वायपर फिरतो त्या बाकीच्या भागात ४० पर्यंत चालतो. माप लक्षात ठेवायला सोपं आहे, आम्ही दुकानात तेच धरतो.

आता नवीन काच. ज्याला गरज आहे त्यानं घालावीच, पण टवक्यासाठी गाडी कंपनीच्या वर्कशॉपला नेली की सरळ काच बदला म्हणून सांगतात, तेव्हा एक विचार करा. कंपनीतनं आलेली काच पॉलीयुरेथेन सीलंटनं बॉडीला चिकटलेली असते, ती गाडीच्या सांगाड्याचाच भाग आहे, गाडी पलटी झाली तर छताला आधार देते आणि बऱ्याच गाड्यांत डाव्या बाजूची एअरबॅग उघडताना या काचेवरच टेकते. ती कापून काढताना बॉडीचा रंग खरवडला गेला आणि तसाच सोडला तर तिथनं गंज आणि मग पाणी गळतं. नवीन सीलंट धरायला वेळ लागतो, किती ते सीलंटच्या डब्यावर लिहिलेलं असतं, तो वेळ जायच्या आत "झालं, घेऊन जावा" म्हणणाऱ्याच्या हातून गाडी घेऊ नका. शिवाय हल्लीच्या काही गाड्यांना आरशाच्या मागं कॅमेरा असतो, काच बदलली की त्याचं कॅलिब्रेशन परत करावं लागतं, नाहीतर लेन सोडली म्हणून गाडी उगाच बोंबलत बसते किंवा बोंबलायच्या वेळी गप्प राहते.

इन्शुरन्सचं पण लोक घोटाळा करतात. काचेवर घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाली म्हणून क्लेममधनं होणारी कपात, कापत नाहीत हे खरं, प्लास्टिक-रबरावर ५० टक्के कापतात तसं नाही. पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये तुमच्याच खिशातनं जातात, त्याच्या वरच्या गाडीला २०००, आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, जो पहिल्या वर्षी २० टक्के असतो आणि वाढत वाढत ५० पर्यंत पोचतो. टवका भरायला जे काही शे रुपये लागतात त्यासाठी क्लेम टाकून पुढच्या वर्षीचा बोनस घालवणारे मी बघितलेत. आधी पॉलिसी वाचा, बोनस प्रोटेक्शन घेतलंय का बघा, मग ठरवा.

राहता राहिलं प्रशासन. कागल-सातारा सहापदरीचं काम चालूच आहे, खडी तर लागणारच, आम्हाला पण रस्ता पाहिजेच आहे. पण डंपरवर ताडपत्री नुसती गुंडाळून केबिनच्या मागं ठेवलेली असते, ती नाक्याच्या आधी पसरायची आणि नाका गेला की परत गुंडाळायची हा खेळ शिरोलीपासनं गोकुळ शिरगावपर्यंत कोणीही उभं राहून बघावा. हौद्याच्या वर ढीग करून भरलेल्या खडीवर ताडपत्री टाकली तरी ती राहत नाही, त्यामुळं आधी ढीग बंद करा. आणि डागडुजी झाली की वरची सुटी खडी झाडून न्यायची ही ठेकेदाराची जबाबदारी आहे, आमच्याकडं तर ती गाड्यांच्या टायरनीच झाडायची पद्धत पडलीय. निदान तेवढे दिवस त्या पट्ट्यात "सुटी खडी, ३० च्या वर जाऊ नये" असा बोर्ड तरी लावा आणि काम संपल्यावर काढा, वर्षभर तसाच ठेवला तर कोणी मानत नाही. आरटीओनं खाणींच्या बाहेरच्या रस्त्यावर आठवड्यातनं एक दिवस जरी ताडपत्री तपासली तरी पुष्कळ फरक पडेल, आणि तो दिवस जून उजाडायच्या आत आला तर बरं.

आपला,
एक काचवाला वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर